आमची वाटचाल : पॉइंट्स नसलेल्या प्रवाशांसाठी

आम्ही विमान तिकिटांच्या धंद्यात उतरलो तेव्हा एजंटाची कमाई कमिशनवर चालायची. तिकीट जितकं महाग तितकं कमिशन जास्त. म्हणजे ग्राहकाला स्वस्त तिकीट शोधून देणं हे स्वतःच्या पोटावर पाय आणणं होतं. अमेरिकेतल्या मोठ्या एअरलाइन्सनी १९९५ मध्ये कमिशनला मर्यादा घातली, २००२ मध्ये मूळ कमिशन बंदच केलं, आणि पुढे हे लोण आमच्यापर्यंत आलं. तेव्हा खूप घाबरलो होतो. आज वाटतं, बरं झालं. आम्ही ठरावीक सेवाशुल्क घ्यायला लागलो. तिकीट कितीचंही असो, आमची फी तीच. मग ग्राहकाचे पैसे वाचवायला हात मोकळे झाले.

आमच्याकडे येणारे बरेच जण दोन-तीन वर्षांतून एकदा विमानात बसतात. नेहमी उडणाऱ्यांना एअरलाइन देते ते पॉइंट्स त्यांच्याकडे साठणार कुठून? त्यांच्यासाठी भाव कसा ठरतो हे आम्ही मुळापासून शिकलो. इकॉनॉमीतल्या सगळ्या सीट एका भावाने विकत नाहीत. वाय, बी, एम अशा अक्षरांचे क्लास असतात, प्रत्येकाचा भाव आणि नियम वेगळे. स्वस्त क्लासमधल्या सीट संपल्या की पुढचा भाव लागतो. यातली मेख अशी, की एका बुकिंगमधल्या सगळ्यांना सहसा एकाच क्लासचा भाव दाखवला जातो. चौघांचं कुटुंब असेल आणि स्वस्तातल्या दोनच सीट उरल्या असतील, तर चौघांनाही महाग तिकीट दिसतं. म्हणून आम्ही आधी एकासाठी शोधतो, मग दोघांसाठी, मग चौघांसाठी. भाव मध्येच उडी मारताना दिसला की दोन वेगळी बुकिंग करतो. मुलं सोबत असतील तर प्रत्येक पीएनआरमध्ये एक मोठं माणूस हवंच.

एक चूक मात्र आजही बोचते. सुरुवातीच्या काळात एका वयस्कर जोडप्याला दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं जोडून दिली होती. खूप स्वस्त पडली, आम्हीही खूश. पहिलं विमान उशिरा पोहोचलं, दुसरं निघून गेलं. तिकिटं स्वतंत्र असल्यामुळे दुसऱ्या कंपनीने हात वर केले, आणि नियमाने ते बरोबरच होतं. नवीन तिकिटांचे पैसे आम्ही भरले. पण त्या दोघांनी विमानतळावर काढलेली रात्र कशी भरून देणार? आता अशी तिकिटं जोडायची तर मध्ये भरपूर वेळ ठेवतो, शक्यतो एक मुक्काम, आणि धोका लिहून देतो.

मंगळवारी बुक केलं की स्वस्त मिळतं, ब्राउझरच्या इनकॉग्निटो म्हणजे खासगी खिडकीत भाव उतरतो, असं लोक हमखास विचारतात. आम्ही कित्येकदा एकाच वेळी साध्या आणि खासगी खिडकीतून पाहिलं, भाव तोच आला. बुक कधी करता यापेक्षा उडता कधी याने जास्त फरक पडतो. म्हणून तारीख विचारताना आम्ही ‘दोन दिवस अलीकडे-पलीकडे चालेल का?’ असं विचारतो. महिनाभराचे भाव एकत्र पाहिले की स्वस्त दिवस लगेच दिसतात. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतणं, जवळचा दुसरा विमानतळ, हेही तपासतो. मात्र तिथवर जायचा खर्च आणि बॅगेचे वेगळे पैसे धरूनच बेरीज मांडतो, नाहीतर स्वस्त तिकीट नुसतं दिसायला स्वस्त.

स्वस्त पडतं म्हणून लांबचं तिकीट काढून मध्येच उतरायची युक्ती आम्ही करत नाही. चेक-इन केलेली बॅग पुढे जाते, आणि एक टप्पा सोडला की पुढचं सगळं तिकीट रद्द होऊ शकतं.

आमच्याहून कमी भाव ग्राहकाने स्वतः शोधून आणला, तर त्यालाच तिथून बुक करायला सांगतो. फी घेत नाही. पैसे भरण्याआधी त्या तिकिटाचे रद्द करण्याचे आणि तारीख बदलण्याचे नियम तेवढे त्याच्यासोबत बसून वाचतो.