उकळलेला कप नळाखाली धरू नका

सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ, फुफ्फुसांत घट्ट कफ साचवणारा जन्मजात आजार) असलेल्या मुलाच्या कफात पहिल्यांदा ‘स्युडोमोनस एरुजिनोसा’ हा जंतू सापडला, की मूल खेळतंय, ताप नाही, म्हणून रिपोर्ट फाइलला लावून मोकळं व्हायचं नसतं. जंतू घालवता येतो तो याच टप्प्यावर. टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक ३०० मिग्रॅ, दिवसातून दोनदा, २८ दिवस नेब्युलायझरने (औषधाची वाफेसारखी फवार करून श्वासातून देणारं यंत्र). मग पुन्हा कल्चर (कफातला जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणं). लहानग्यांना कफ काढता येत नाही, त्यांचा घशाचा स्वॅब घेतात.

ही संधी हुकली की जंतू रूप बदलतो. अल्जिनेट नावाचा चिकट पदार्थ सोडतो. कल्चरच्या प्लेटवर वसाहती शेंबडासारख्या ओघळताना दिसतात. छातीतल्या घट्ट कफाच्या गुठळीत प्राणवायू कमी, त्यामुळे आतले जंतू सुस्त पडून राहतात, आणि बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूंवरच नीट चालतात. म्हणून लॅबने ‘सेन्सिटिव्ह’ (जंतूवर चालणारं) लिहिलेलं औषधही छातीत तोकडं पडतं. वर्षभरात तपासणी झालेल्या निम्म्याहून जास्त महिन्यांत जंतू सापडला, तर संसर्ग जुनाट. मग टोब्रामायसिन २८ दिवस चालू, २८ दिवस बंद. हेतू जंतूंची संख्या दाबून ठेवण्याचा.

औषधांचा क्रम उलटा झाला की महागडं अँटिबायोटिक कफावरच बसतं. आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल, मग ७ टक्क्यांचं सलाइन (मिठाचं पाणी) ४ मिली, मग छातीची फिजिओथेरपी, कफ बाहेर, आणि शेवटी अँटिबायोटिक. या सलाइनने श्वासनळ्या आवळू शकतात, म्हणून पहिला डोस दवाखान्यातच.

आता नेब्युलायझरचा औषधाचा कप. स्युडोमोनसला ओल प्रिय. सिंकची जाळी, नळाचं तोंड ही त्याची हक्काची ठिकाणं. प्रत्येक वेळी सुटे भाग साबणाने धुवा आणि कंपनीच्या पुस्तिकेत चालतं म्हटलं असेल तर रोज ५ मिनिटं उकळा (नळी उकळायची नाही, आणि पाणी आटलं तर कप तळाला चिकटून वितळतो). घोटाळा होतो तो यानंतर: उकळलेला कप सवयीने नळाखाली खळबळला जातो आणि ओल्या पंच्याने पुसला जातो. आरओचं पाणीही निर्जंतुक नसतं. नुसता झटकून कोरड्या, स्वच्छ कागदी नॅपकिनवर पालथा घाला. व्हिनेगरवर भरवसा नको.

जंतू एकाकडून दुसऱ्याकडेही जातो: वॉर्डात सीएफची दोन मुलं असतील तर त्यांच्यात किमान ६ फूट अंतर हवं, मग ती सख्खी मित्र का असेनात.