पाटी शेवटी वाचायची

रविवार, रात्री

मुलं झोपली आहेत. आजचं आजच लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्यापर्यंत धाकट्याचे शब्द माझ्या डोक्यातून जातील आणि मी माझेच शब्द त्याच्या तोंडी घालेन.

सकाळी कलासंग्रहालयात गेलो होतो. फक्त लघुचित्रांचं दालन बघायचं, हे घरूनच ठरवलं होतं. शिल्पं, तैलचित्रं, नाणी, शस्त्रं पुन्हा केव्हातरी. मुलांना अख्खी इमारत एका दमात दाखवायची हे मला मुळीच पटत नाही. बोस्टनच्या कलासंग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन आइव्ह्स गिलमन यांनी १९१६ साली 'संग्रहालयाचा थकवा' या विषयावर लेख लिहिला होता. एका माणसाला कपाटांतल्या वस्तू नीट बघायला सांगून त्यांनी त्याचे फोटो काढले. कुठे तो कमरेत वाकलाय, कुठे उकिडवा बसलाय, कुठे मान वाकडी करून आत डोकावतोय. मांडणीच अशी असेल तर बघणारा दमणारच, हे त्या फोटोंतून सरळ दिसतं. आणि तो तर मोठा माणूस होता! पाच वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंचीवर असतात, तर चित्राचा मध्य साधारण दीड मीटरवर येईल असं चित्र टांगतात. खालून त्या मुलाला बहुतेक वेळा काचेवर पडलेला दिवाच दिसत असेल. मग ते कंटाळतं, आणि आपण समजतो की त्याला चित्रांची आवड नाही. म्हणून धाकट्याला प्रत्येक चित्रासमोर कडेवर घेतलं. खांदा अजून ठणकतोय, पण त्याला सगळं दिसलं.

दालनात शिरताच थोरलीने विचारलं, "इथे एवढा अंधार का?" कागदावरची रंगचित्रं साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) एवढ्याच उजेडात ठेवतात. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा लाखापर्यंत जातो. उजेडाने रंग उडतात, आणि एकदा झालेली झीज भरून येत नाही, ती साठत जाते, असं तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आपण बघतोय तेव्हापण ते थोडं थोडं जातंय?" हो म्हटलं. हे मुलांपासून लपवावं असं मला वाटत नाही. उलट त्यानंतर ती ज्या लक्षाने बघत होती, तसं लक्ष मी कितीही वेळा 'नीट बघ' म्हटलं असतं तरी आलं नसतं.

आजचा नियम एकच होता, चित्राशेजारची माहितीची पाटी शेवटी वाचायची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक चित्रासमोर किती वेळ थांबतात याचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला, त्यात मध्यक निघाला १७ सेकंद, म्हणजे निम्म्या वेळा लोक त्याहूनही कमी थांबले. त्यातही पाटी वाचण्याचा वेळ धरलेला. नाव, साल, शैली कळली की मन आपोआप पुढच्या चित्राकडे वळतं. मुलांशी चित्रावर बोलण्यासाठी अ‍ॅबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन यांनी तीन प्रश्नांची एक पद्धत बसवली आहे. या चित्रात काय चाललंय? तुला कशावरून असं वाटतं? आणखी काय दिसतंय? आज मी एवढंच विचारत राहिले. त्यातला मधला प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

एका चित्रात वाडा होता, खाली दार, मध्ये जिना, वर गच्ची, आणि तीन बायका. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ त्यांच्या सोबतच्या बाईंना म्हणत होते की या मैत्रिणी असाव्यात. धाकटा लगेच म्हणाला, "एकच आहे ती. आधी दारात, मग जिन्यात, मग वर पोचली." कशावरून? "ओढणी तीच आहे. आणि जिन्यात तिचा एक पाय वरच्या पायरीवर आहे." एकाच चौकटीत एकच पात्र पुन्हा पुन्हा काढून गोष्ट पुढे नेण्याची जुनी रीत आहे ही, आपल्या लघुचित्रांत कितीतरी ठिकाणी दिसते. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. चित्रातला काळ त्याने पायऱ्यांवरून वाचला. ते गृहस्थही वाकून ओढणी बघू लागले, आणि मग त्या बाईही.

पण आजचा दिवस खरा त्या बसोहली, म्हणजे जम्मूकडच्या पहाडी शैलीतल्या, चित्राचा. नायिकेच्या गळ्यात, दंडावर हिरवे ठिपके. मी धाकट्याला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं तसा तो ओरडलाच, "आई, ते पेटलं!" मला काही दिसलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांच्या रेषेत डोकं नेलं, थोडं हलवलं, तेव्हा तो ठिपका एकदम चमकला. मग थोरलीही डावी-उजवीकडे सरकून बघू लागली. काच आहे, रंग ओला आहे, सोनं आहे, असे अंदाज झाले. प्रत्येकाला कशावरून विचारलं. सोनं नाही, कारण सोनं शेजारीच आहे आणि ते असं हिरवं चमकत नाही, असं थोरलीने सिद्ध केलं. मग पाटी वाचली. पाचूच्या जागी भुंगेऱ्याच्या पंखांवरच्या कवचाचे बारीक तुकडे चिकटवलेले! सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बसोहलीचे चित्रकार हे करत होते. ते कवच आजही तितकंच चमकतंय.

तिथे दोघांची नाकं काचेला लागायच्या बेतात होती. मी त्यांना मागे ओढणार तेवढ्यात तिथले सुरक्षारक्षक काका आले आणि म्हणाले, "हात पाठीमागे बांधा आणि मग हवं तेवढं जवळून बघा." किती योग्य बोलले ते! ही चित्रं मुळात भिंतीसाठी नव्हतीच. हातात धरून, एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून बघायची होती. कागदाचे थर एकावर एक चिकटवून वसली करायची, अकीकाच्या दगडाने घोटून ती गुळगुळीत करायची, खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने पापणीची एकेक रेघ ओढायची. एवढी मेहनत काही दहा फुटांवरून बघणाऱ्यासाठी नव्हती. हात मागे बांधून नाक पुढे काढणारं मूल या चित्रांसमोर अगदी बरोबर अंतरावर उभं असतं.

थोरलीने पेन्सिलीने वहीत तो जिना काढला. बाई काढल्या नाहीत, नुसता जिना. का ते विचारलं नाही.

निघताना कळलं की काही महिन्यांनी ही चित्रं उतरवून अंधाऱ्या कपाटात ठेवतात आणि तिथे दुसरी लावतात. उजेडापासून तेवढीच सुटका. धाकटा हिरमुसला. चित्र उतरवायच्या आत त्याला फक्त तेच एक बघायला परत यायचंय, थोरलीला पुढच्या वेळी शिल्पं हवी आहेत. दोघांना वेगवेगळ्या दिवशी न्यावं असं मनात येतंय. त्याला त्या एका चित्रासमोर हवा तेवढा वेळ उभं राहता येईल, आणि तिला शिल्पाभोवती पूर्ण फेरी मारता येईल. यांना विचारून उद्या दिवस ठरवते.