बहादरीवरचा अनुस्वार

मागच्या महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातले एक काका मोडी कागद वाचून घ्यायला आले, तोही लॅमिनेट करून. दोनशे वर्षांचा कागद प्लॅस्टिकमध्ये चिकटवणाऱ्यांवर मी आधी चिडते, मग फी सांगते. वरून चकाकी येते, तिरपा उजेड टाकून पुसट शाई उठवता येत नाही, आणि कागद आतल्या आत मरतो तो वेगळाच.

काकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की मूळपुरुष बडोद्याच्या वेशीवर अरबांशी, म्हणजे गायकवाडांच्याच पगारी अरब शिपायांशी, लढला. पूर्वी कोणीतरी कागदात ‘बहादुरी’ वाचूनही दिली होती. नातवाच्या मुंजीत फ्रेम लावायची, एवढाच हट्ट.

तारखेलाच माशी शिंकली. ‘सुरू सन इसन्ने मयातैन व अलफ’, म्हणजे दोन, दोनशे, हजार: 1202. सुरू सन ही मराठी दप्तरातली जुनी कालगणना, आकडे अरबी शब्दांत. रजब महिना. हिशेब घातला तर नोव्हेंबर 1801. अरबांची लढाई 1802 च्या डिसेंबरातली. म्हणजे आजोबा एक वर्ष आधीच बहादुरी करून बसले होते!

मग तो शब्द. मोडी लिहिणारा कारकून हात उचलत नाही, घाईत अनुस्वारही गाळतो आणि उकारही. कागदावर होतं फक्त ‘अरबांची बहादरी’. उकार भरला तर बहादुरी, अनुस्वार भरला तर बहांदरी. पुढच्या ओळीत शिबंदीचा रोजमुरा, म्हणजे पगारी फौजेचा पगार, रक्कम आणि दरमहाचं व्याज. बहादुरीला व्याज लागत नाही.

बहांदरी म्हणजे हमी. इथल्या दुकानांत आजही ‘बांहेधरी’ म्हणतात. आनंदराव गायकवाडांच्या दरबारला सावकार कर्ज देत, पण दरबारच्या शब्दावर नाही. जामीन राहत अरब जमादार, म्हणजे त्या अरब शिपायांचे नायक. पगार तुंबलेला त्यांचा, तो भागवायला कर्ज काढायचं, आणि हमीही त्यांचीच, कारण वेशी त्यांच्या ताब्यात. मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा हसू आलं. पण दरबाराने तरी काय करायचं? पुण्याहून पेशव्यांची बाकीची मागणी, कडीला गायकवाडांचेच भाऊबंद मल्हारराव बंड करून उठलेले. शाळेच्या पुस्तकात तैनाती फौज म्हटलं की राजे आळशी होते असाच सूर असतो. असा एक कागद वाचला असता तर तो धडा वेगळा लिहिला गेला असता.

1802 च्या मार्चात खंबायतला ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईचे गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्याशी तह झाला, डिसेंबरात कंपनीच्या फौजेपुढे अरबांनी शहर सोडलं. त्यांची बहांदरी मग कंपनीने स्वतःच्या शिरावर घेतली. जामीन बदलला, एवढंच. 1805 च्या तहात 3,000 शिपायांची फौज आणि तिच्या खर्चापोटी वर्षाला 11,70,000 रुपयांचा मुलूख तोडून दिला. पेशव्यांशी हिशेब मिटवायला गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पुण्याला गेले तेही कंपनीच्या हमीवरच. 1815 मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला.

हे सगळं काकांना सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

“म्हणजे बेन, आमचे आजोबा लढलेच नाहीत?”

“नाही काका. लढणाऱ्यांच्या पगाराला पैसे दिले.”

“मग ते पैसे परत मिळाले का?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. कागद कर्जापाशीच संपतो. वसुलीचा दुसरा कागद असेल तर त्यांच्याच माळ्यावर, तोही बहुतेक लॅमिनेट होण्याच्या वाटेवर. शोधा, पण प्लॅस्टिकला हात लावू नका, असं बजावलं.

जाताना म्हणाले, “तो टिंब नाही दिला तर चालेल ना? कारकुनाने कुठे दिलाय?”

खरं तर मुद्दा बिनतोड होता. गळलेलं अक्षर चौकटी कंसात भरायची आमची रीत आहे, तसा मी अनुस्वार कंसात भरून प्रत पाठवली. मुंज गेल्या गुरुवारी झाली. फ्रेमवर काय लिहिलं होतं ते विचारायला मी फोन केलेला नाही, आणि काकांनी फी अजून दिलेली नाही.