आडदशावतार कोण कापतंय?

कुडाळ-वेंगुर्ल्याकडचा दहीकाला, म्हणजे दशावतारी नाटकाचा खेळ, सावकाश चढतो. पेटी, मृदंग, झांज जुळते, मग आडदशावतार, म्हणजे खेळाचा पूर्वरंग: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर. आख्यान, म्हणजे मुख्य कथा, त्यानंतर. संवाद लिहिलेले नसतात. राजपार्टी (राजाची भूमिका करणारा नट) आणि स्त्रीपार्टी (स्त्रीभूमिका करणारा) ते उभ्या जागी रचतात आणि समोरची माणसं रंगली की प्रसंग लांबतो.

यूट्यूबवर मात्र हाच सावकाशपणा नडतो. २०१२ पासून तिथल्या शिफारशींत नुसत्या व्ह्यूजपेक्षा पाहण्याच्या वेळेला वजन आहे. सुरुवातीलाच लोक सटकले की व्हिडिओ फार पुढे जात नाही. गणपतीचं आगमन पाहताना कुणी कंटाळला की कुणाला हाक आली म्हणून उठला, हे यंत्राला कळत नाही. त्याला फक्त आकडा घसरलेला दिसतो. मग चॅनेलवाला आडदशावतार कापतो आणि तलवारबाजीपासून सुरुवात करतो. मुंबईतल्या चाकरमान्याच्या पोरांना वाटतं, दशावतार म्हणजे एवढंच. कलेचं मला सर्वांत मोठं वाटणारं नुकसान हेच.

पैशाचा हिशोबही बघा. जाहिरातीच्या उत्पन्नासाठी १००० सदस्य आणि १२ महिन्यांत पाहण्याचे ४००० तास लागतात, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. दोन तासांचा खेळ सरासरी सहा मिनिटं पाहिला गेला, तर ४००० तासांसाठी ४०,००० व्ह्यूज हवेत. शॉर्ट्स फीडमधला वेळ या तासांत धरत नाहीत. म्हणून तुकडे लाखांनी पाहिले गेले तरी पूर्ण खेळाचे तास भरत नाहीत. शिवाय पैसा चॅनेलच्या खात्यात जमा होतो, खेळ करणाऱ्या नाटक कंपनीच्या नाही. शूटिंगला होकार देण्याआधी वाटा किती, हे नाईकांनी, म्हणजे कंपनीच्या प्रमुखांनी, कागदावर घ्यावं.

प्रेक्षकांच्या हातात थोडंफार आहे. ऑटोप्ले बंद करा. नको त्या व्हिडिओच्या तीन टिंबांवर जाऊन ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबा. एखादं चॅनेल सारखं येत असेल तर ‘डोन्ट रेकमेंड चॅनेल’. घरातला फोन पोरांच्या हाती असेल तर वॉच हिस्टरी थांबवून ठेवा, नाहीतर त्यांची कार्टूनं तुमच्या शिफारशी ठरवतात. दशावतार हवा असेल तेव्हा होमपेजवर वाट बघू नका, सबस्क्रिप्शनची यादी उघडा.

चॅनेलवाल्यांना कळकळीची विनंती: पूर्वरंग कापू नका, त्याला चॅप्टर द्या. डिस्क्रिप्शनमध्ये ००:०० पासून सुरू होणारे किमान तीन टाइमस्टॅम्प लिहावे लागतात, प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा. घाई असलेला थेट आख्यानावर उडी मारेल, बाकीच्यांना गणपती मिळेल. शॉर्ट टाकलाच तर ‘रिलेटेड व्हिडिओ’मध्ये पूर्ण खेळ जोडा. शीर्षकात आख्यान, गाव आणि वर्ष हवं. डिस्क्रिप्शनमध्ये नाईकांपासून झांजवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं लिहा, म्हणजे उद्या कुणी मृदंगवाल्याचं नाव टाकून शोधलं, तर शिफारशीवाचूनही त्याचा खेळ सापडण्याची वाट राहील.