गावदेवी कं हाय?

प्रवेशिका पाठवायची मुदत रात्री बाराची होती, आणि आमची फिल्म नियमांत बसत नाही हे आम्हाला त्याच दिवशी दुपारी सव्वाबाराला कळलं.

ठाण्यात नौपाड्याला आमचा स्टुडिओ आहे. दोन खोल्या, दोन मशीन, मी आणि माझा एडिटर. नऊ वर्षं आम्ही लग्नाच्या फिल्म करतोय, स्पर्धेत मात्र पहिल्यांदाच उतरत होतो. त्यासाठी काढलेलं लग्न करावे गावातलं, आगरी घरातलं. नवी मुंबईत सीवूड्सच्या टॉवरांच्या पायथ्याशी हे गाव आहे. गल्ली एवढी अरुंद की मांडव घातला तर चार-पाच घरांची दारं त्याच्या आतच येतात. हळदीची अख्खी रात्र आणि लग्नाचा पुढचा दिवस आम्ही शूट केला होता. त्यातून सहा मिनिटांची हायलाइट फिल्म झाली. ती घरच्यांना आवडली, ओळखीच्यांना आवडली, तिच्यामुळे आम्हाला दोन कामंही मिळाली.

स्पर्धेतले विभाग मी नीट वाचले होते. टीझर दीड मिनिटाच्या आत, हायलाइट सहा मिनिटांच्या आत, माहितीपट बारा ते पंचवीस मिनिटांचा. शिवाय छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी यांची वेगळी पारितोषिकं, आणि या धंद्यात तीन वर्षं न झालेल्यांसाठी नवोदितांचा विभाग. एक फिल्म जास्तीत जास्त दोन विभागांत. आम्ही हायलाइट आणि संकलन ठरवून टाकलं होतं, कारण गिऱ्हाईक येतं ते हायलाइट बघूनच. विभागांखालचे नियम मात्र मी वरवर चाळले होते आणि त्या दुपारी फॉर्म भरताना एकेक करून ते समोर आले.

पहिला नियम संगीताचा. फिल्ममधल्या प्रत्येक गाण्याचा परवाना जोडा. आमच्या सहापैकी साडेचार मिनिटांवर एक गाजलेलं हिंदी गाणं होतं. एडिटर म्हणाला, "दादा, लग्नात गाणी वाजवायला तर कायद्याने सूट आहे ना?" सूट आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये धार्मिक विधीत संगीत वाजवणं हक्कभंग धरलेलं नाही, आणि त्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित सोहळेही येतात. पण ती सूट मांडवात वाजवण्यापुरती. तेच गाणं चित्रावर बसवून चारचौघांत दाखवायचं, तर ज्या कंपनीकडे हक्क आहेत तिच्याकडून वेगळा परवाना घ्यावा लागतो. आमच्याकडे तो नव्हता, आणि अर्ध्या दिवसात तो मिळतही नसतो.

दुसरा नियम ड्रोनचा. आमच्या फिल्मची सुरुवातच आकाशातून होती. खाली खाडी, टॉवर आणि मधोमध दिव्यांनी उजळलेला मांडव. ड्रोनवाला बाहेरचा होता. त्याला फोन केला तर तो गप्पच झाला. ड्रोन नियम, २०२१प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच परवानगीशिवाय उडवता येतं. करावे गाव त्याहूनही आत येतं, आणि नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५पासून विमानं उडतायत. लग्न त्यानंतर फेब्रुवारीतलं. तो शॉट मी तिथल्या तिथे काढून टाकला. त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. उतरत्या विमानाच्या वाटेत आपला कॅमेरा असणं ही साधी गोष्ट नाही.

तिसरा नियम मालकीचा. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी फिल्म केली आणि वेगळा करार नसला, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७प्रमाणे तिचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे फिल्म नवरीच्या वडिलांची. त्यांनी दहा मिनिटांत सही करून फोटो पाठवला आणि वर लिहिलं, "पहिला नंबर आना."

राहिलं गाणं. एडिटरने आमच्या लायब्ररीतले परवान्याचे तीन ट्रॅक बसवून बघितले. बासरी, गिटार, पियानो. प्रत्येक वेळी लग्न दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायला लागलं. शेवटी वैतागून त्याने संगीताचा ट्रॅक बंद केला आणि मांडवातला मूळ आवाज वर घेतला.

आम्ही दोघंही गप्प झालो. हळदीच्या त्या दृश्यात चौरंगाजवळ धवलारीण बसलेली आहे, हे आम्ही नऊ आठवडे स्क्रीनवर बघत होतो. ती गाते हेही माहीत होतं. पण तिचा आवाज आम्ही शून्यावर ठेवला होता. आगरी लग्नात विधी चालतात ते तिच्या धवळ्यावर, म्हणजे लग्नाच्या गाण्यावर. देवांना, गेलेल्या वाडवडिलांना ती नावानिशी मांडवात बोलावते, आणि ती गात जाते तसा विधी पुढे सरकतो. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. तो शब्द या बाईच्या नावात आजही रोजच्या वापरात आहे. आणि तिच्याच चेहऱ्यावर मी हिंदी गाणं टाकलं होतं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

आवाज खरखरीत होता, मागे जनरेटरची घरघर, बायकांचं बोलणं, मधूनच एक पोर रडतंय. पण दृश्य जागेवर बसलं. हळद लावणारे हात आणि तो सूर एकाच लयीत होते. असणारच, ते हात तिच्याच सुरावर चालत होते.

फॉर्मवर गीतकार-संगीतकाराच्या रकान्यात "पारंपरिक" लिहिता आलं असतं. पण गाणं पारंपरिक असलं तरी गाणारी माणूस आहे, आणि कॉपीराइट कायद्याचं कलम ३८ प्रत्यक्ष सादर करणाऱ्यालाही हक्क देतं. स्पर्धेच्या नियमातही "ओळखू येणाऱ्या सादरकर्त्याची लेखी संमती" असं स्पष्ट होतं. नवरीच्या आईला फोन केला. धवलारीण मावशी शिरवण्याला राहतात, दुपारी घरीच असतात, एवढं कळलं. लॅपटॉप, हेडफोन आणि छापलेलं संमतिपत्र घेऊन मी ठाण्याहून पनवेल लोकल पकडली आणि जुईनगरला उतरलो.

मावशी सत्तरीच्या पुढच्या. ओटीवर मुलांचे कपडे घड्या करत बसल्या होत्या. सुनेने त्यांना कागद मोठ्याने वाचून दाखवला. मावशींनी मध्येच हात वर केला. "कागूद मंग. आदी मना ऐकव."

मी त्यांच्या कानावर हेडफोन ठेवला. आमची सहा मिनिटं सुरू झाली. आपला आवाज इतका जवळून त्यांनी कधी ऐकला नसावा, कारण पहिल्यांदा त्या जराशा दचकल्या. मग डोळे मिटले आणि ओठ हलायला लागले. गणपती झाला, एकवीरा झाली. मी खूश होतो. तेवढ्यात ओठ थांबले आणि त्यांनी डोळे उघडले.

"गावदेवी कं हाय?"

मला कळेना. सून म्हणाली, गावदेवी कुठेय विचारतायत.

"एकवीरेच्या मांगून गावदेवी. मी तिला सोरलेली नाय. तुमी सोरली."

आम्हीच सोडली होती. सहा मिनिटांत बसवायला एडिटरने त्या भागातले चाळीस सेकंद कापले होते, आणि त्याने कापले नसते तर मी कापले असते. आम्हाला ती नुसती एक लांबलेली ओळ वाटली होती.

मी नियम सांगून बघितला. सहा मिनिटांची मर्यादा आहे, सगळं मावत नाही. मावशी शांतपणे म्हणाल्या, "मांडवान आर्दा धवला सोरीत नाय, पोरा. ज्या देवाला बोलावला नाय, तो रुसतं. त्या पोरीचा लगीन हाय." त्या रागावल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी ते लग्न अजून चालूच होतं, आणि फिल्ममध्ये राहिलेली चूक मांडवातल्या चुकीएवढीच खरी होती. माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. मी ओटीवरूनच एडिटरला फोन केला. "हायलाइट सोड. माहितीपटात जायचं. हळदीची रात्र, धवळा पूर्ण."

"दादा, माहितीपट कोण बघतं? आणि ध्वनीचं काय? तो भाग डीजेखाली आहे."

हे मी विसरलो होतो. नेमकं गावदेवीच्या ओळीला पलीकडच्या गल्लीतला डीजे सुरू झाला होता आणि आमच्या मुख्य रेकॉर्डरवर बासशिवाय काहीच नव्हतं. मी मावशींना विचारलं, ती ओळ आता पुन्हा म्हणाल का, फोनवर घेतो. त्या तयार झाल्या. पण माहितीपटाचा नियम मी तिथेच पुन्हा वाचला. घटनेनंतर ध्वनिमुद्रित केलेलं काहीही चालणार नाही. मावशींना तो नियम सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "बराबर हाय. लगनाचा लगनातच." स्पर्धेच्या परीक्षकांशी त्यांचं असं एकमत होईल असं मला वाटलं नव्हतं.

त्यांनी विश्वासावर सही केली. बक्षीस मिळालं तर रकमेचा तिसरा हिस्सा त्यांचा, हे मी संमतिपत्राच्या खाली हाताने लिहिलं. निघताना अवघड शब्दांचे अर्थ वहीत उतरवून घेतले, कारण इंग्रजी उपशीर्षकं सक्तीची होती.

परतीच्या लोकलमध्ये घणसोलीच्या आसपास मला आठवलं. हळदीच्या रात्री आम्ही नवरीच्या ब्लाउजला कॉलर माइक लावला होता. तिचं आईशी बोलणं मिळावं म्हणून. ते बोलणं झालंच नाही, म्हणून तो ट्रॅक आम्ही एकदाही उघडला नव्हता. आणि धवलारीण नवरीच्या डाव्या हाताला, वीतभर अंतरावर बसली होती.

स्टुडिओत पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. ट्रॅक उघडला. पदराची सळसळ, नवरीचा श्वास, बांगड्या. डीजे लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा. आणि त्याच्या वर स्वच्छ, अगदी कानाजवळ, मावशींचा आवाज. गावदेवी होती. एकवीरेच्या मागून, त्यांनी सांगितलं होतं तिथेच.

पुढचे पाच तास कामाचे होते. घरच्यांना दिलेल्या लांब फिल्ममधून हळदीची रात्र वेगळी काढली. ती चौदा मिनिटं भरली. मुख्य रेकॉर्डरवरची जनरेटरची घरघर ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटींत बसलेली होती. ती एडिटरने तिथेच चिमटीत धरून काढली, आवाजाची खर मात्र राहू दिली. यावर आमचं थोडं भांडणही झालं. त्याला आणखी साफ करायचं होतं, मी करू दिलं नाही. उपशीर्षकं नवरीने घरून तपासली. एका शब्दासाठी तिने आईला झोपेतून उठवलं. दुसरा विभाग आम्ही संकलनाऐवजी ध्वनीचा भरला.

शेवटी नावांचा प्रश्न आला. परीक्षकांना फिल्म कुणाची ते कळू नये, म्हणून स्टुडिओचं नाव, लोगो, कॅमेरामनचं नाव काहीच फाइलमध्ये चालत नव्हतं. सादरकर्त्यांच्या नावाबद्दल नियम गप्प होता. सव्वानऊला आयोजकांना मेल केला. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, पण पावणेअकराला आलं. सादर करणाऱ्याचं नाव चालेल, बनवणाऱ्याचं नाही.

आमचं नाव, ड्रोनवाल्याचं नाव, एडिटरचं नाव असलेली शेवटची पाटी काढली आणि तिथे एकच ओळ टाकली. "धवळा" आणि पुढे मावशींचं नाव, त्यांनी संमतिपत्रावर केलं होतं तसं, गावासकट.

अपलोड अकरा वाजून छत्तीस मिनिटांनी पूर्ण झालं. एडिटर खाली चहा आणायला गेला. मी मावशींच्या सुनेला मेसेज टाकला, गावदेवी सापडली. त्यांना सकाळी सांगा असंही लिहिलं, पण उत्तर लगेच आलं. मावशी जाग्याच होत्या.