शाळा माझ्यानंतरही चालायला हवी

ख्रिस्ती शाळा म्हणजे रोज प्रार्थना घेतली, भिंतीवर बायबलचं वचन लावलं की झालं असं बऱ्याच लोकांना वाटतं, पण मुख्याध्यापिका म्हणून मला खरी काळजी असते ती शिक्षकांची, कारण मुलं वचन पाठ करतात पण क्षमा कशी असते ते बघतात शिक्षकांकडेच. परवा एका मुलाकडून वर्गात शाई सांडली, बाई आधी खूप ओरडल्या आणि मग स्वतःच त्याच्याशेजारी खाली बसून फरशी पुसायला लागल्या, सॉरी म्हणाल्या त्याला, अख्खा वर्ग गप्प बघत होता. मला भरून आलं अगदी.

पैशाचं टेन्शन तर कायमचंच. तेव्हा मला जर्मनीतल्या हाले इथले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, फ्रांके आठवतात, १६९५ मध्ये दानपेटीत मिळालेल्या थोड्याशा पैशातून त्यांनी गरीब मुलांची शाळा सुरू केली आणि १७२७ मध्ये ते गेले तेव्हा तिथल्या शाळांमध्ये २००० हून जास्त मुलं शिकत होती. पण त्यांच्यानंतरही ते काम चालूच राहिलं हे मला जास्त मोठं वाटतं. म्हणून आता हिशेबाची वही मी दोन तरुण शिक्षकांसमोर उघडून बसते, प्रवेशाच्या वेळी पालकांशी बोलतानाही त्यांना शेजारी बसवते.