मसुदा आधी वाचायला द्या

शिक्षणसंस्थांसाठी अमली पदार्थविषयक धोरण ठरवणाऱ्या समितीवर युवा प्रतिनिधी म्हणून माझं नाव लागलं, तेव्हा मसुदा जवळजवळ तयार होता. आम्हा तरुणांसाठी राखून ठेवलेलं काम म्हणजे घोषवाक्यं आणि पोस्टर. मी आधी मसुदा मागितला. तो मिळायला बराच पाठपुरावा करावा लागला.

त्यात एक कलम होतं: पदार्थांचं सेवन आढळल्यास विद्यार्थ्याला तत्काळ काढून टाकावं. ज्यांच्याबद्दल हे लिहिलं, त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. मग आम्ही निनावी चिठ्ठ्या मागवल्या. 'तू घेतोस का' हे विचारलंच नाही. अडचण आली तर मदत मागशील का आणि कुणाकडे, एवढंच. एका चिठ्ठीतला मजकूर अजून डोक्यातून जात नाही: 'मित्र शुद्धीवर येत नव्हता, तरी फोन करायला घाबरलो. आम्हीच पकडले जाऊ म्हणून.' ओपिऑइडची, म्हणजे हेरॉइनसारख्या अफूवर्गीय पदार्थाची, मात्रा जास्त झाली की श्वास मंदावत जातो. नॅलोक्सोन हे त्यावरचं उताऱ्याचं औषध वेळेत मिळालं तर माणूस वाचू शकतो, पण त्यासाठी कुणीतरी हाक मारायला हवी ना!

बैठकीत 'मुलांना यातलं काय कळतं' हा सूर होताच. मी संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातली दोन कलमं वाचून दाखवली. ३३वं कलम मुलांना अमली पदार्थांपासून संरक्षण द्या म्हणतं. १२वं त्यांच्याशी संबंधित बाबींत त्यांचं मत विचारात घ्या म्हणतं. एक पाळायचं आणि दुसरं सोडायचं, असं कसं चालेल? मग तोवर गप्प असलेल्या समुपदेशक मॅडम बोलल्या, "काढून टाकलेला मुलगा माझ्यापर्यंत पोचतच नाही. मी मदत करू कुणाला?" माझ्या मते चर्चा तिथे फिरली.

हकालपट्टीच्या जागी समुपदेशन आलं, आणि मदतीसाठी फोन करणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हेही स्पष्ट शब्दांत लिहिलं गेलं. अचानक लघवी तपासण्याचं कलम मात्र राहिलं. आमची हरकत इतिवृत्तात नोंदली आहे. ती का फेटाळली याचं लेखी उत्तर मी अजून मागतोय. पुढच्या आढाव्याला मसुदा लिहिण्याआधीच बोलवा, असं पत्रही दिलंय. व्यसनातून बाहेर पडलेल्या दोघांनी समितीसमोर यायची तयारी दाखवली आहे, त्यांची ओळख गुप्त राहणार असेल तर.